सुहास, तिचे नाना आणि पांढरा झालेला पडदा

सुहास गेली तेव्हा मी तिच्यासाठी साडी बघत होते. पनवेलच्या बाजारात, ओळखीच्या दुकानात, आणि दुकानदाराने सहावी साडी उलगडली होती. चार दिवसांपूर्वीच तिने पलंगावरून हुकूम सोडला होता, "शालू, प्रकाशनाला मी हिरवी नेसणार नाही. हिरव्यात मी भाजीवाली दिसते." मी म्हटलं, अगं, आधी पुस्तक तर छापून येऊ दे. तर म्हणाली, "पुस्तक येतंय. तू साडीचं बघ." डॉक्टरांनी तिला बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि ही काठ कसला हवा ते सांगत होती. तर त्या दुकानात फोन वाजला, प्रसादचा, तिच्या भाच्याचा. "शालूमावशी, आत्या..." एवढंच बोलला तो. समोर दुकानदार म्हणत होता, "ही बघा ताई, ही शोभेल त्यांना." जांभळी होती, बारीक काठाची. मी हो म्हटलं. घेतली. आणि तीच तिला नेसवली त्या दिवशी संध्याकाळी.

पाच आठवडे झाले याला. रडून झालंय माझं, थोडं राहिलंय ते नंतर रडेन. आज मला तिच्या कादंबरीविषयी सांगायचंय, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, आणि सुहास कोण होती हे सांगायला मला त्याहून दुसरं काही सापडत नाही. मी लेखिका नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न होऊन मी पनवेलात आले आणि पुढची चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. सुहास शेजारच्या घरातली, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, पुढे शाळेत बाई झाली, लग्न केलं नाही. वाचनालयातून स्वतःला एक पुस्तक आणायची आणि मला एक. मी मशीन चालवता चालवता वाचायचे. एकदा कोणाच्या तरी ब्लाउजला दोन्ही उजव्या बाह्या लागल्या, ते एका रहस्यकथेमुळे.

निवृत्त झाल्यावर ती नवीन पनवेलला प्रसादकडे राहायला गेली, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत. आणि एक दिवस, दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, मला फोन करून म्हणाली, "शालू, तुझं अक्षर अजून गोल आहे का?" मी म्हटलं, असेल की, मी तरी गोलच आहे. "मग ये. मला कादंबरी लिहायचीय आणि माझा हात थरथरतो." असं सुरू झालं ते. दुपारी चार वाजता मी रिक्षाने जायची, सहाला परत. ती खोलीत येरझाऱ्या घालत सांगायची, मी लिहायची. दोन वह्या होत्या. जाड पुठ्ठ्याची लांब वही 'तेव्हा'ची आणि साधी दोनशे पानी 'आता'ची. 'तेव्हा'मध्ये तिचे आजोबा, नाना. 'आता'मध्ये त्यांची नात, जी त्यांच्या खुणा शोधत फिरते. एक प्रकरण तेव्हाचं, एक आताचं. मी सुरुवातीला म्हटलं, असं उड्या मारत कोण वाचेल? तर ती म्हणाली, "तू आत्ता बोलतेस ते काय वेगळं आहे? भाजीवरून सुरू करतेस आणि तुझ्या सासूच्या लग्नावर जातेस." बोलण्यात तिच्यापुढे माझं कधी चाललं नाही.

नाना नाटकाचे पडदे रंगवायचे. आताच्या मुलांना ते सांगून कळत नाही. तेव्हा गावोगाव जत्रेला, सणाला नाटकं व्हायची, आणि मागे पडदा लागायचा, राजवाड्याचा, रानाचा, रस्त्याचा. नाना मांजरपाटाचं कापड शिवून घ्यायचे, देवळाच्या पटांगणात जमिनीवर ताणून बसवायचे, चुलीवर सरस वितळवायचे, त्यात खडूची पूड आणि रंगाची भुकटी कालवायचे आणि लांब काठीला कुंचला बांधून उभ्याउभ्या रंगवायचे. स्वतःच्याच चित्रावर चालत चालत. मग तो गुंडाळून बैलगाडीने गावाला जायचा. सुहासने नानांना पाहिलेलं, ती सहा वर्षांची असेपर्यंत. सरसाचा वास तिला आठवायचा. तो वास लिहिताना तिने मला तीन दिवस एकाच पानावर बसवलं होतं. "ओल्या चामड्यासारखा नाही गं... शिळ्या गुळासारखाही नाही." शेवटी प्रसादच्या बायकोला म्हणाली, जा, हार्डवेअरच्या दुकानातून सरस आण. गॅसवर वितळवला आम्ही तो. सगळं घर घाण झालं, प्रसाद कामावरून आला तो नाकाला रुमाल लावून, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या पातेल्यावर वाकून हुंगत होतो, सुहासचे डोळे असे चमकत होते की काय सांगू. "हाच. हाच तो. लिही, लिही." काय लिही? ती बोलेचना. नुसती हुंगत राहिली.

असे दिवस होते ते. मला माझ्या आयुष्यात इतकी घाई कधी झाली नव्हती, लग्नाच्या सीझनमध्येसुद्धा नाही. साडेतीन वाजले की माझे हात शिवशिवायचे. काल नानांचा पहिला पडदा पावसात सापडला होता, आज त्याचं काय होतं? आणि गंमत म्हणजे मला माहीत असायचं काय होतं, कारण आदल्या दिवशी तिने सांगितलेलं असायचं. तरी घाई.

मग तो दिवस आला. नानांच्या बहुतेक पडद्यांचं काय झालं कोणाला ठाऊक नाही, पण एक, रस्त्याचा, घरात राहिला होता. कादंबरीत तो पडदा शेवटी जळतो. नाटक चालू असताना बत्ती कलंडते आणि आग लागते. सुहासने इतकं छान सांगितलं ते, ज्वाळा कशा खालून वर चढतात, रंगवलेल्या घरांच्या खिडक्या कशा एकेक उजळतात. मी दीड पान लिहिलं आणि पेन ठेवलं.

"सुहास, तो जळला नव्हता. आपण धुतला होता."

"कादंबरीत जळला," ती म्हणाली. "लिही पुढे."

आता हे धुण्याचं सांगितलं पाहिजे. माझ्या लग्नाला वर्ष होत आलेलं आणि सुहासच्या भावाचं, प्रसादच्या वडिलांचं, लग्न ठरलेलं. त्यांच्या घरात मधल्या खोलीला वर कापड ताणून बांधलेलं होतं, कौलांमधून धूळ पडू नये म्हणून. पुष्कळ घरांत असायचं तसं. खालून धुराने पार काळं झालेलं. सुहासचे वडील अण्णा पत्रिका वाटायला गावांत गेलेले. मी म्हटलं, सुहास, पाहुणे येणार, हे काढून धुऊ या. माझीच कल्पना. काढलं तर वरच्या अंगाला बोटभर धूळ, पंचवीस वर्षांची. गुंडाळून मागे विहिरीवर नेलं. मी दगडावर बसले, ती पाणी काढून आणायची आणि ओतायची. पहिल्या बादल्यांनी धूळ गेली आणि खालून रंग आले. निळा, तांबडा, पिवळा. घरं, एक रस्ता, खिडकी, खिडकीत एक बाई. क्षणभर सगळं असं ओलं आणि ताजं दिसलं, जणू आत्ता कोणी रंगवून गेलंय. आणि लगेच पाण्यात उतरायला लागलं.

मी शिवणारी. मला काय वाटलं असेल? कच्चा रंग. लग्नघरात असं कापड डोक्यावर बांधलं आणि रंग गळून पाहुण्यांच्या अंगावर पडला म्हणजे? मी सोडा मागवला. घासलं, पिळलं, पुन्हा घासलं. विहिरीपासून केळीपर्यंत निळं-तांबडं पाणी गेलं. दोन तासांनी कापड असं पांढरंशुभ्र निघालं की मी शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं. संध्याकाळी अण्णा आले. अंगणात ते वाळत होतं. त्यांनी जवळ जाऊन त्याला हात लावला. "कोणी धुतलं?" मी पुढे होऊन सांगितलं, "मी, अण्णा." ते म्हणाले, "स्वच्छ निघालंय हो." एवढंच. त्या रात्रीपासून त्यांनी आपली गादी मधल्या खोलीतून पडवीत नेली. आम्हाला वाटलं, उकडत असेल. ते कापड म्हणजे नानांचा पडदा होता हे मला पुढे कादंबरी लिहितानाच कळलं.

तर त्या दिवशी मी पेन परत उचललं नाही, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही ओवे गावाला गेलो. तिथे एक म्हातारे होते, धर्माबाबा, नानांच्या पडद्यांपुढे नाटकं केलेले. पडदे वर कसे बांधायचे ते तिला विचारायचं होतं. खारघरच्या त्या उंच उंच इमारती संपतात आणि गाव लागतं. धर्माबाबा ओट्यावर बसलेले, ऐंशीच्या पुढचे, डोळे अगदी लख्ख.

"तुमी नानांची नात? मंग अशा लांब कशाला बसता, इकरं या," ते म्हणाले. "नानांचं परदं आमच्या गावान दर साली यायचं. मी बाईचा काम करायचो. मिशी काढली म्हनून माझी बायको माहेरी गेलती, म्हनं, असा नवरा नको."

आम्ही हसलो. ते सांगत सुटले, दोर कुठे, बांबू कुठे, मी वहीत टिपत होते.

"न् रस्त्याचा परदा मातर येगला. त्याच्याव एक खिरकी, खिरकीन एक बाय. आमी पोरं परद्यामागना बोटं घालून तिला हलवायचो, तं नाना काठी घेऊन मागं लागायचं. मंग कोनी तरी सांगलं, अरं पोरांनो, ती नानांची बायको हाय. पोर लानगा अस्ताना गेली ती. फोटू नाय, काय नाय. तेवरीच हाय."

माझं पेन थांबलं. मी सुहासकडे पाहिलं. ती ओट्याच्या कडेकडे बघत होती, आणि तिला नवल वाटलेलं नव्हतं.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"अण्णा गेले त्याच्या आधी दोन दिवस त्यांनी सांगितलं. त्यांना आई आठवत नव्हती गं. नानांनी काढलेली ती तेवढी. त्यांनीच ते कापड वर बांधलं होतं, चित्र वरच्या अंगाला करून, धुरापासून वाचावं म्हणून. आणि खिडकी जिथे येत होती तिथे खाली गादी घालायचे."

"आणि तू मला तीस वर्षं बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं? तू तेव्हा नवरात्राचे ब्लाउज शिवत होतीस, एका दिवसात चौदा."

मी त्यावर हसले, आणि घरी जाऊन दोन दिवस जेवले नाही. एका माणसाची आई मी सोडा लावून घासली होती आणि वर 'मी, अण्णा' म्हणून छाती काढून उभी राहिले होते. मग मला राग आला, सुहासचा. मी तिला फोन करून सांगितलं, आग काढून टाक. जे झालं ते घाल. नाहीतर दुसरी लिहिणारी बघ. ती म्हणाली, "आगीत कोणाचा हात नसतो, शालू. तेवढ्यासाठी लावलीय." मी म्हटलं, माझा हात होता, तो मला दिसू दे. "लोक वाचतील. तुझी नातवंडं वाचतील." वाचू देत. अकरा दिवस आम्ही बोललो नाही. पन्नास वर्षांत एवढी कट्टी कधी झाली नव्हती.

बाराव्या दिवशी फोन आला. "ये. आज तू सांग, मी लिहिते."

गेले. ती टेबलाशी बसलेली, हातात पेन, उजवा हात डाव्या हाताने धरलेला. खिडकीतली ती बाई कशी होती ते मला सांगायचं होतं. जिवंत माणसांत मी एकटीच, जिने तिला जवळून पाहिलेलं. सुहास म्हणाली, "मी तेव्हा रहाटावर होते, मला काही दिसलं नाही." मी सांगायला लागले. पण मी दगडाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली, मला ती उलटी दिसलेली. कपाळ खाली, हनुवटी वर. पदर डोक्यावरून. एक हात गजावर. डोळे मोठे की नुसते उघडे, मला सांगता येईना. सुहास विचारायची, मी डोळे मिटून सांगायची, ती एक ओळ लिहायला पाच मिनिटं घ्यायची. अक्षरं अशी, मुंग्यांची रांग मोडावी तशी. मला कधी एवढा आनंद झाला नसेल. गुन्हा कबूल करताना आनंद कसला, असं वाटेल तुम्हाला. पण खरं सांगते, प्रत्येक आठवलेल्या गोष्टीला ती मान वर करून माझ्याकडे बघायची, आणि मला वाटायचं, मी त्या बाईला एकेक चमचा भरून परत आणतेय.

पुढे तिचा आजार वाढला, छातीचा. तोवरची सगळी कादंबरी मी सुवाच्य उतरवून काढली, पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकाने घेतली, आणि त्या पत्राने ती इतकी हरखली की दोन दिवस तिला ऑक्सिजन लागला नाही. शेवटचं प्रकरण मात्र तिने मला उतरवू दिलं नाही. स्वतःच्या मोडक्या अक्षरात लिहिलं, पाकिटात घालून उशाखाली ठेवलं आणि प्रसादला बजावलं. "प्रकाशकाला पाठव, हिला छापून आल्यावर दाखव," म्हणाली, "आधी दाखवलं तर ती चुका काढील." मी किती भांडले. एकदा ती झोपलीय असं पाहून पाकीट उशाखालून ओढायला गेले तर डोळे न उघडता म्हणाली, "शालू, वय काय तुझं?"

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रकाशकाकडून मुद्रितं, म्हणजे तपासायची छापील पानं, आली. प्रसादने मला बोलावलं. तिच्याच खोलीत, तिच्याच टेबलाशी बसून मी शेवटचं प्रकरण वाचलं. आग नव्हती. विहीर होती. कापड होतं. आणि 'आता'मधली नात, जी सगळी कादंबरीभर तो पडदा शोधत फिरते, ती तिथे एकटी होती. एकटीनेच छत काढलेलं, एकटीनेच सोडा लावलेला. ती बादली घेऊन उभी राहते, ओतते, आणि पायाशी धुळीतून एक चेहरा वर येतो. नाकात बारीक लाल खड्याची चमकी. ओठांचा डावा कोपरा जरासा दाबलेला, जणू हसू आवरतेय, समोर कुंचला घेतलेला नवरा काही तरी वेडंवाकडं बोललाय म्हणून. मुलगी बघते. तिला तो चेहरा तिच्या वडिलांसारखा वाटतो. तिला कळतं. आणि ती पुढची बादली ओतते, कारण कापड पांढरं होतंय, घरात लग्न आहे, आणि थांब म्हणायला जे तोंड उघडायचं ते तिचं उघडत नाही.

मी ते पान तीनदा वाचलं. चमकीचं मी तिला सांगितलं नव्हतं. ओठाचं तर मला ठाऊकच नव्हतं, उलट्या चेहऱ्यावर तसलं हसू कोणाला दिसतं? ते फक्त बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दिसलं असतं. म्हणजे त्या घडीला ती रहाटावर नव्हती. ती माझ्यासमोर उभी होती, तिने आजीला पाहिलं होतं, आणि माझ्या हातांचं ते काम चालू दिलं होतं. आणि मग तीस वर्षं नव्हे, पन्नास वर्षं ते पोटात ठेवून मला पुस्तकं आणून दिली होती.

मी पानं प्रसादकडे सरकवली. तो म्हणाला, "मावशी, हे असंच जाऊ द्यायचं? आत्याने स्वतःवर फार ओढून घेतलंय असं वाटतं. ती आग बरी होती." मी म्हटलं, आग नको. शब्दाला हात लावायचा नाही. पेन दे फक्त.

मला राग आला नव्हता, हे मला सांगायचंय. मला हलकं वाटत होतं, अगदी रिक्षातून उतरून पळत सुटावं इतकं. पण एक चूक होतीच त्या पानावर, तिने मला पाकीट दाखवलं असतं तर मी तेव्हाच काढली असती. कादंबरीत तिने मला विहिरीवरून उठवून घरी पाठवून दिलं होतं. सगळं आपल्या एकटीच्या अंगावर घेऊन मोकळी झाली होती. असं नाही चालायचं. दहा वर्षं मी त्या कादंबरीत तिचं वाक्य लिहिलं, माझं एकही नाही. त्या दिवशी मी मुद्रिताच्या समासात, गोल अक्षरात, एक वाक्य घातलं आणि बाण काढून जागा दाखवली.

'दगडावर दुसरी एक मुलगी बसली होती, आणि कापड पांढरं होताना पाहून तिला फार आनंद होत होता.'

लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं, त्या रिकाम्या खोलीत, पलंगाकडे तोंड करून. आणि खरंच सांगते, थोडा वेळ थांबले, ती काय म्हणतेय ते ऐकायला.